बावीस ओळींनंतरचा आकडा

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, साताऱ्यातल्या एका दूध संघाच्या संगणक खोलीत, प्रबुद्धला लग्नाच्या मागणीचं उत्तर मिळालं. उत्तर रिकामं होतं.

मागणी त्यानं आदल्या दिवशी फोनवर घातली होती. स्वप्ना सांगलीच्या ऑफिसात—चार टेबलं, सहा माणसं, एक फोन. तिथं ती हो-नाही काय बोलणार? "फ्लॉपी पाठवते," ती हळूच म्हणाली. "एक आलं तर हो. दोन आलं तर… नाही." फ्लॉपी पहाटेच्या एस.टी.नं, कंडक्टरच्या खिशातून आली.

ओळख नोव्हेंबरातली. संघाचं सॉफ्टवेअर बसवायला ती साताऱ्याला आली आणि तिनं पिशवी ठेवली न ठेवली तोच वीज गेली. बिनखिडकीच्या खोलीत यूपीएस कोकलू लागला. तो बंद करायला अंधारात दोन हात एकाच बटणावर पडले. यूपीएस गप्प झाला. हात मात्र कुणी लवकर काढला नाही…

तेव्हापासून ती सांगलीत प्रोसिजर लिहायची आणि तो साताऱ्यात पडद्यावरचे फॉर्म. प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या पोटात ठेवलेलं तयार काम. फॉर्मनं हाक मारली की ते माहितीची यादी देतं आणि जाता जाता एक आकडा हातावर ठेवतं. स्वप्नाचं उत्तर त्या आकड्यात होतं. फ्लॉपीतली प्रोसिजर उघडून पाहायची सोय नव्हती. तिनं ती कुलूपबंद करून पाठवली होती. आणि रविवारी पाटणचं एक स्थळ तिला पाहायला येणार होतं.

पडद्यावर आधी यादी आली.

*१. चहाला नेतोस आणि चहा निवेपर्यंत एकटाच बोलतोस.*

*२. चाललं तर 'आपली प्रोसिजर', अडलं तर 'तुझी'.*

*३. तो पोपटी शर्ट. कृपा कर.*

चौथ्या ओळीपाशी त्याचा धीर सुटला. यादी तशीच सोडून त्यानं थेट आकडा मागितला. रिकामं. पुन्हा मागितला. रिकामं.

मागं संघाचे जुने कारकून नानासो तंबाखू मळत उभे होते. "आवं, रिकामं म्हंजी न्हाईच म्हणतीया की ती."

"नाही असतं तर दोन आलं असतं, नानासो."

"लाजत आसंल. तोंडावर न्हाई म्हणायला लय जिवावर येतं बायामाणसांस्नी."

प्रबुद्धनं फोन ओढला.

"हां, बोला सातारा," स्वप्नाचा आवाज. मागं टाइपरायटर आणि सहा जणांचे बारा कान.

"स्वप्ना, काहीच येत नाहीये! मी रात्रभर झोपलो नाही—"

"साहेब, यादी पूर्ण वाचलीत?"

"चार ओळी वाचल्या. पोपटी शर्ट जाळतो, पण—"

"बावीस आहेत."

"बावीस?"

"कमी केल्या साहेब. जागा नव्हती." ती हसू दाबत असावी; तारेवर खरखर झाली. "यादी शेवटपर्यंत वाचा, बंद करा, मग आकडा मागा. त्याआधी तो येत नसतो. आमच्याकडची पद्धतच तशी आहे."

फोन ठेवला गेला. यादी बंद झाल्यावरच आकडा मागितला जावा म्हणून प्रबुद्धनं फॉर्ममधल्या तीन ओळी बदलल्या आणि हात मांडीखाली दाबून यादी वाचत बसला. नऊ, चौदा, एकोणीस. नानासोही वाचत होते, सतराव्या ओळीला त्यांनी "खरं हाय" असं मतही दिलं. बाविसावी ओळ अर्धीच होती: *एवढं सगळं असूनही…*

यादी बंद झाली. आकडा आला.

३.

"आता हे तीन कुठनं काढलं?" नानासो म्हणाले. "ठरलं व्हतं एक न् दोन."

पुन्हा सांगली.

"तीन म्हणजे काय गं?"

"तीन म्हणजे… इकडून मंजूर आहे, साहेब." तिनं आवाज आणखी खाली आणला. "पण वरिष्ठांची सही लागेल. ती तुम्हीच येऊन घ्यायची. रविवारच्या आत."

वरिष्ठ म्हणजे आण्णा, तिचे वडील. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार.

शनिवारी साडेपाचला प्रबुद्ध सांगलीत तिच्या घरी हजर झाला. "आण्णा, मी असं विचारायला आलोय की—"

"बसा," आण्णा म्हणाले. "आदी आमची हिस्ट्री ऐका, मंग तुमचं बोला. भरती झालो तवा मी आटरा वर्साचा."

भरती १९६२ची होती. प्रबुद्धनं दोनदा तोंड उघडलं; दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या दारातून स्वप्नानं नुसतं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

सव्वासात वाजता तिनं तिसरा चहा आणून ठेवला. आण्णा १९७१च्या डिसेंबरात पोचले होते. निवृत्ती १९८६ची. प्रबुद्ध म्हणत होता, "मग पुढं?"