महारानातली बाई

"मॅडम, ते छायापात्र कुठून आलं ते सापडलं," इरफान बागवान म्हणाला. बोलताना त्याने मृणालकडे पाहिलं नाही.

मृणाल प्रमुख असलेल्या नाशिकच्या डेटा-तपास प्रयोगशाळेत 'महारान' या संगणकखेळाची चौकशी चालू होती. खेळातल्या जंगलात भेटणारी माणसं फारच खरी वाटतात, अशा तक्रारी होत्या. त्यांतल्या एका पात्राला भेटल्यापासून कोल्हापूरच्या एका मुलीने खेळणंच सोडलं होतं.

"खेळ बसवताना आपण न वाचताच सगळ्या परवानग्या देतो," इरफान सांगू लागला. "मग तो मायक्रोफोनमधून सगळं ऐकतो आणि त्या घरातल्या माणसाचं छायापात्र घडवतो. ते जगभर फिरतं, पण मूळ माणसाला पत्ताही नसतो."

"हे कुणाच्या घरातलं?"

"तुमच्या."

 मृणालच्या नवऱ्याला, सौमित्रला, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या खोलीतला संगणक तिने अजून बंद केला नव्हता. खेळ त्यानेच बसवला असणार. म्हणजे त्याचा आवाज...

"दाखव," ती म्हणाली.

पडद्यावर धुकं, झाडं आणि एक पाठमोरी आकृती. मृणाल मायक्रोफोनपाशी वाकली. "सौमित्र?"

आकृती वळली. चेहरा पुसट होता. "तुम्ही पाहिलंत का त्याला? केव्हाची वाट बघतेय. चहा निवला त्याचा."

आवाज मृणालचा होता.

"सरांनी खेळ बसवला आणि लगेच ते..." इरफान अडखळला. "त्यांचं काही खेळाला मिळालंच नाही. नंतर त्या खोलीत जे बोललं गेलं, त्यातून ही घडली."

रोज संध्याकाळी त्या संगणकाशेजारी बसून मृणाल सौमित्रशी बोलायची. उशीर का झाला, जेवलास का, असंच. तो गेला, हे त्या खोलीत तिने कधी उच्चारलं नव्हतं. मग या बाईला ते कळणार कुठून?

"सगळीकडून पुसून टाकू?" इरफानने विचारलं.

"थांब." मृणाल पुन्हा मायक्रोफोनपाशी वाकली. "अगं, तो गेला. आता नाही येणार."

बाई एक पाऊल मागे सरली.

"खोटं," ती म्हणाली आणि झाडांत शिरली.

इरफानचा हात कळफलकाकडे गेला. मृणालने तो हलकेच बाजूला सारला, कळफलक स्वतःकडे ओढला आणि ती त्या बाईच्या मागोमाग पडद्यावरच्या जंगलात निघाली.