तिरकी खुंटी

चष्म्याच्या दुकानाला काचेचं दार असावं का, यावर माझा आणि मालकांचा जुना वाद आहे. ज्याचा चष्मा मोडलाय त्याला ते दार दिसणार कसं? मालक म्हणतात, आजवर आपटलंय का कुणी? त्या शनिवारी दुपारी एक जण आपटला.

दणका चांगलाच मोठा होता. मी धावत गेले तर बाहेर एक उंच तरुण कपाळ चोळत उभा. केसांवर नुकत्याच पडून गेलेल्या सरीचे थेंब, आणि हातात मोडका चष्मा.

"लागलं का?"

"दाराला विचारा," तो म्हणाला. "मी ठीक आहे."

मी त्याला आत आणून बसवलं आणि चष्मा काउंटरवर ठेवून बघितला. एक काडी मधोमध तुटलेली होती आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. पण बांधलेली कशी... आडवे वेढे, त्यांना कसणारे उभे वेढे, आणि शेवटची गाठ आत दडवलेली. बांबूला बांबू जोडायचा तो अगदी असाच, आणि असं बांधणारी जमात जगात एकच आहे.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. लिफ्ट दुरुस्त करतो मी. काल चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पडला, म्हटलं आजचा दिवस काढू ढकलून."

मी डावा हात पुढे केला. त्यानं डोळे बारीक करून हाताकडे बघितलं, मग आणखी जवळून बघितलं, आणि हसला. त्यानंही डावाच हात दिला. स्काउटची माणसं हस्तांदोलन डाव्या हातानं करतात. का करतात, याची कारणं जो तो वेगळी सांगतो. माझी आत्या म्हणते, तो हात काळजाच्या जवळ असतो म्हणून.

"कुठलं पथक?" त्यानं विचारलं.

"आधी डोळे तपासू. समोरची खालची ओळ वाचा."

"ओळ आहे का तिथे?"

"मग वरची?"

"लांबचं नाहीच दिसत मला. जवळचं दिसतं. तुमच्या उजव्या भुवईवर तीळ आहे."

"तो तक्त्यावर नाहीये," मी म्हटलं, आणि दिवा उगाचच जरा बाजूला वळवला. माझे कान तापतात तेव्हा लाल होतात, आणि ते त्याला दिसायला नको होते.

त्याच्या काचा मी दुसऱ्या फ्रेममध्ये बसवत होते, तेव्हा तो आपणहून बोलत सुटला. जिल्हा संघटनेनं त्याला संध्याकाळी एका पथकाकडे पाठवलं होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणारं पथक. "तिथल्या बाई फार कडक आहेत म्हणे. आधी जो गेला होता त्याला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही."

"असं कोण म्हणतं?"

"जिल्ह्याच्या कार्यालयात सगळेच."

मी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "आता नीट दिसतंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं... "हो," तो म्हणाला. "दिसतंय."

त्या कडक बाई म्हणजे मीच, हे मी त्याला सांगितलं नाही. कुणीही सांगितलं नसतं.

संध्याकाळी तो जिना चढून वर आला तेव्हा मी गणवेशात, गळ्यात शिट्टी अडकवून दारात उभी होते. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चहा घेणार का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मिळाला तर नशीब." आत खुर्चीवर पाय पसरून बसलेली माझी आत्या खो-खो हसायला लागली. काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं, पण आत्याला हसायला तेवढं कारण लागत नाही.

पथक आत्यानं उभं केलेलं. तिचे गुडघे गेले तेव्हा ते माझ्याकडे आलं. नियम असा की पथकाला दोन प्रशिक्षित मोठी माणसं हवीत, आणि माझ्या जोडीचा मास्तर बदली होऊन गावाबाहेर गेला होता. वार्षिक शिबिरापर्यंत दुसरं माणूस उभं राहिलं नाही तर आमचं पथक नदीपलीकडच्या पथकात विलीन होणार होतं. विलीन हा शब्द कागदावर छान दिसतो. निम्म्या मुलांना संध्याकाळी पूल ओलांडून जाता येणार नाही, हे त्या कागदावर नव्हतं. जिल्ह्याचा माणूस आला म्हणजे कुलूप घेऊनच आला, अशी माझी खात्री होती.

"कुलूप नाही, दोर आणलाय," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावर खरंच नव्या दोराची वेटोळी होती. "जिल्ह्याचं काम पथकं बंद करायचं नसतं, तगवायचं असतं. तंबू आमच्या गोदामातून न्या, प्रशिक्षण आम्ही देऊ. आणि तुम्हाला दुसरं माणूस मिळेपर्यंत दुसरा मी."

"पगार किती देतात याचा?"

"तुम्हाला जितका देतात तितकाच."

म्हणजे शून्य. मला तो त्या क्षणी आवडला. दुकानातही आवडला होता, पण तिथे ते डोळे तपासण्याच्या कामावर ढकलता आलं असतं.

तेव्हापासून दर शनिवारी तो येऊ लागला. मुलं त्याला 'जिल्हा' म्हणायची, मग आत्याही म्हणू लागली. जिल्हा आला का, जिल्ह्याला बिस्किट दे, जिल्ह्याचा शर्ट उसवलाय बघ. भिजलेले तंबू आम्ही सभागृहात दोरीवर वाळत घालायचो, आणि त्या ओल्या कापडाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो.

"तुम्ही दुकानातही अशाच रागावता का गिऱ्हाइकांवर?" पलीकडून आवाज यायचा.

"गिऱ्हाइकं दारावर आपटत नाहीत."

"मी दर शनिवारी आपटायला तयार आहे."

"तंबू नीट ताणा."

एकीकडे दुसऱ्या माणसाचा शोध चालू होता. उमेदवारानं मुलांना हाताशी घेऊन तंबू उभा करायचा आणि जिल्ह्यानं तो तपासायचा, अशी परीक्षा होती. पहिला आला माझा भाऊ. त्यानं तंबू उभारला आणि स्वतः त्याखाली सापडला. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना मुलांचा आवाज सोसेना, ते कानात कापूस घालून आले होते. दोघेही नापास झाले, ते रास्तच होतं.

मग पोस्टातल्या बाई आल्या. आयुष्यभर पायी टपाल वाटलेलं, आवाज खणखणीत, आणि मुलांना नुसत्या भुवईनं गप्प करणाऱ्या. वाचनालयासमोरच्या मैदानात त्यांनी तंबू असा उभारला की वाऱ्यानंही लांबून जावं. मी मनात म्हटलं, सुटलो आपण.

जिल्ह्यानं तंबूभोवती फेरी मारली. वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"खुंट्या तिरक्या आहेत," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी परत बघू."

पोस्टातल्या बाई बिचाऱ्या मान हलवून दोर गुंडाळायला लागल्या. मुलं मात्र एकमेकांकडे बघू लागली, कारण आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे की तंबूची खुंटी तिरकीच ठोकायची असते. सरळ ठोकली तर दोराचा ताण पडताक्षणी उपटून येते. आणि हा माणूस तर मोडका चष्माही शास्त्रशुद्ध बांधणारा.

मी त्याला सामानाच्या खोलीत गाठलं. तिथे बादल्या, काठ्या आणि आम्ही दोघं, एवढीच जागा होती.

"खुंट्या तिरक्या आहेत?"

तो दोराचं वेटोळं उगाचच पुन्हा गुंडाळू लागला.

"उत्तर द्या."

"त्या पास झाल्या की..." तो थांबला. "दुसरं माणूस मिळालं की माझं इथलं काम संपतं. पुढच्या पथकाकडे जावं लागतं. आणि जिल्ह्यात काम करणाऱ्याला एका पथकात राहता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणून म्हटलं... अजून एक शनिवार."

माझं काळीज लक्कन हललं, हे खरं. पण राग त्याच्याही पुढे धावला.

"तुमच्या एका शनिवारासाठी ही सगळी पोरं टांगणीला लावायची? शिबिर तोंडावर आलंय. त्या बाई चिडून परत आल्याच नसत्या तर?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. सारवासारव केली नाही, हसला नाही. तसाच मैदानात गेला आणि सगळ्यांसमोर पोस्टातल्या बाईंना म्हणाला, "चूक माझी होती. खुंट्या अशाच हव्यात. तुम्ही पास." मुलांनी इतका गोंगाट केला की वाचनालयातले लोक खिडकीत आले.

पथक वाचलं. सामान वर सभागृहात ठेवून जाताना त्यानं डावा हात पुढे केला. माझ्या हातात तंबूची पिशवी होती आणि नाकावर राग होता. मी नुसती मान हलवली, आणि तो जिना उतरून गेला.

पुढचे शनिवार छान गेले. पोस्टातल्या बाईंनी आठवडाभरात मुलांना शिस्त लावली आणि मलाही लावली. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मी दुकानात दाराकडे बघत बसायचे. मालक म्हणाले, काचेवर एखादी पट्टी चिकटवू या का, लोकांना दिसेल. मी म्हटलं, राहू दे.

"जिल्ह्याची आठवण येते वाटतं," एकदा आत्या म्हणाली.

"मला कशाला येईल?"

"मी माझंच सांगत होते," आत्या म्हणाली आणि चहात बिस्किट बुडवलं.

शिबिराचा दिवस उजाडला तो ढगाळ. मैदानात तंबूंची रांग लागली होती, पोस्टातल्या बाईंची शिट्टी वाजत होती, आणि आत्या मधोमध खुर्ची टाकून राज्य करत होती. तेवढ्यात फाटकातून तो आत आला. गळ्यात जिल्ह्याचा निळा स्कार्फ नव्हता. गळा मोकळाच होता.

"लिफ्ट बिघडली होती," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हणून बोलावलं होतं त्याला परवा. बोलता बोलता शिबिराचा विषय निघाला."

"आत्या, आपण तळमजल्यावर राहतो."

"म्हणून काय लिफ्ट बिघडू नये?"

तो समोर येऊन उभा राहिला. कपाळावर घाम होता आणि काचांवर वाफ धरली होती. "जिल्ह्याचं काम दुसऱ्याच्या हवाली केलं," तो म्हणाला. "त्या नियमातून मोकळा झालो. एखाद्या पथकात जागा आहे का बघत होतो. दोन माणसं लागतात, पण... तिसऱ्याला बंदी नाही ना?"

मुलं गोळा झाली होती. पोस्टातल्या बाईंनी हाताची घडी घातली होती. माझे कान तापले, आणि या वेळी वळवायला जवळ दिवाही नव्हता.

"उमेदवाराला तंबूची परीक्षा द्यावी लागते," मी म्हटलं.

त्यानं बाह्या सरसावल्या. मुलांना हाताशी घेतलं, खांब उभे केले, कापड ताणलं, खुंट्या ठोकल्या. पावसाचे थेंब पडायला लागले तोवर तंबू उभाही राहिला. एक सुरकुती नाही. मी भोवती फेरी मारली. वाकून बघितलं. पुन्हा एक फेरी मारली, कारण चेहरा सरळ ठेवायला मला तेवढा वेळ हवा होता.

"खुंट्या तिरक्या आहेत," मी म्हटलं. "नापास. पुढच्या शनिवारी परत या."

मुलं ओरडणार होती, पोस्टातल्या बाईंनी भुवई उचलली आणि ती गप्प झाली. तो माझ्याकडे बघत होता. चष्मा पावसानं पार भरून गेला होता, पण त्याला जवळचं दिसतं, आणि मी जवळच उभी होते.

"पुढच्या शनिवारीही तिरक्या निघाल्या तर?"

"तर त्याच्या पुढच्या."

"असे किती शनिवार?"

"जन्मभर लागतील," मी म्हटलं. "तुझी खुंटी काही सरळ व्हायची नाही."

मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी डावा हात पुढे केला, त्या दिवशी दिला नव्हता तो. त्यानं तो हातात घेतला आणि हस्तांदोलन संपल्यावरही सोडला नाही. मागे आत्या कुणाला तरी सांगत होती की खुर्ची तंबूत घ्या, मी भिजतेय, आणि यांचं काही इतक्यात आटपत नाही.