कल्लप्पामामाची फुली

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करणारं एक दुकान आहे. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी विरुपाक्ष तिथून हातभर तांब्याची तार घेऊन निघाला. तार केसाएवढी बारीक. एवढ्याशा तारेचं काय करणार, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा या बासष्ट वर्षांच्या गृहस्थाने गंभीर तोंडाने सांगितलं, "मालगाडीच्या डब्याला कडी बसवायची हाय." दुकानदार काय समजायचं ते समजला.

पण खरं तेच होतं. छत्तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात मालडबे तपासून निवृत्त झाल्यावर एखादा देवदेव करतो, एखादा नातवंडं खेळवतो. विरुपाक्षाने पुण्याहून डब्यांची किटं मागवायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून आलेले भाग ब्लेडने सुटे करायचे, कानशीने घासायचे, सुईच्या टोकावर चिकटवायचं सोल्युशन घेऊन जोडायचे, की बोटापेक्षा जरा लांब असा डबा उभा राहायचा. नवा चकचकीत डबा मात्र त्याला बघवत नसे. जुन्या ट्रंकेचा गंज खरवडून तो रंगात कालवायचा. कोळशाच्या डब्यात खराच कोळसा कुटून भरायचा. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत त्याच्या बायकोला, नागूबाईला, चटणी कुटायला खलबत्ता काही मिळत नसे.

रविवारी निवृत्त रेल्वेवाल्यांचा मेळावा होता. जुना गार्ड त्रिंबक तिथे फळ्यांवर रूळ अंथरून एक इंजिनही आणणार होता. त्यामागे विरुपाक्षाचे एकवीस डबे, एकही न पडता तीन फेऱ्या पळवायचे, असं ठरलं होतं. साऱ्या जन्मात त्याला कुठल्या गोष्टीची एवढी आस लागली नव्हती. आणि त्याचं कारण होता कल्लप्पा.

कल्लप्पामामा त्याचा उस्ताद. चाकावर हातोडी मारून नाद ऐकायला त्यानेच शिकवलं. चांगलं चाक 'टिंग' म्हणतं, तडा गेलेलं 'थप्प'. खोट सापडली की डब्यावर खडूने फुली, आणि फुलीचा डबा जागचा हलवायचा नाही. डबा नीट असला तर 'फिट' लिहायचं आणि खाली पुढच्या तपासणीची तारीख टाकायची. त्या तारखेला डबा यार्डात परत आलाच पाहिजे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकदा गाडी खोळंबली होती, वरून बोलणी बसत होती, आणि विरुपाक्षाने मामाची एक फुली शर्टाच्या बाहीने पुसून टाकली. डबा दोन स्टेशनं पुढे जाऊन रुळावरून उतरला. नशीब, माणूस कुणी गेलं नाही. चौकशी झाली. विरुपाक्षाचं लग्न आठवड्यावर आलेलं. कल्लप्पाने त्याच्या बाहीवरचा खडू पाहिला आणि साहेबाला लिहून दिलं, फुली मारायची माझ्याकडूनच राहिली. त्याची बढती गेली ती गेलीच. त्यावर तो पुढे अवाक्षर बोलला नाही. पण विरुपाक्षाच्या कामाला 'बरं' असंही मरेपर्यंत म्हणाला नाही. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तर त्या शुक्रवारी भर बाराला विरुपाक्षाने एकविसाव्या डब्याला कडी बसवली आणि लाईट गेली. उन्हासाठी खिडक्या लावलेल्या, पंखा थांबलेला, गल्लीत चिटपाखरू नाही. नागूबाई आत झोपलेली. तो बाजेवर आडवा झाला. टेबलावर डबे ओळीने उभे होते.

टिंग.

त्याने डोळे उघडले. थोड्या वेळाने पुन्हा… टिंग… मग पुढच्या डब्याजवळ… टिंग. एवढ्याशा चाकाला कसला आलाय नाद! पण नाद होता. एकेक डबा करत तो ओळीच्या टोकाकडे सरकत होता, चालणाऱ्या माणसाच्या बेताने. काळ्या तेलाचा आणि चुना मळलेल्या तंबाखूचा वास खोलीभर पसरला. विरुपाक्षाच्या अंगावर सरसरून काटा आला.

थप्प.

मग काहीच नाही. तासाभराने लाईट आल्यावर तो उठला. एकविसाव्या डब्यावर खडूची फुली होती, तिळाएवढी. माणसाच्या हाताने एवढी बारीक काढताच येणार नाही. घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही. याने ती बाहीने पुसली.

संध्याकाळी घरी मांडलेल्या रुळावर गाडी हाताने ओढत फिरवली, तर पहिल्याच वळणावर शेवटचा डबा कलंडला. दहा वेळा फिरवली, दहा वेळा तोच. तेव्हा त्याने आपल्या बाहीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

शनिवारी बाराला तो झोपला नाही. लाईट गेली, वास आला, वीस डबे वाजले आणि एकविसाव्याला थप्प झालं. फुली पुन्हा उमटली होती. या खेपेला त्याने तिला बोट लावलं नाही. मोबाईलच्या उजेडात डबा उलटा करून चाकं काढली. आसाच्या भोकात वाळलेल्या सोल्युशनचा कण अडकला होता, मोहरीपेक्षा लहान. सुईने तो काढून त्याने चाकं परत बसवली.

"मामा…" तो अंधारात म्हणाला, "तवा फुली मी पुसली हुती… तुमाला ठावं हुतं. मी कदी बोललो न्हाय… चुकलो."

मग पहिल्या डब्यापासून हातोडी पुन्हा चालू झाली. टिंग… टिंग… ती एकविसाव्यापाशी आली, थांबली.

टिंग.

लाईट आली तेव्हा फुली नव्हती. त्याने पुसली नव्हती.

रविवारी हॉलमध्ये दोनशे माणूस दाटीवाटीने उभं होतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला वळणावर एकविसावा डबा किंचित डोलला, सगळ्यांनी माना पुढे काढल्या, आणि तो इतरांमागून सरळ निघून गेला. त्रिंबकने इंजिन थांबवून जी शिट्टी फुंकली, ती थेट यार्डातली. टाळ्या थांबेनात. जो तो येऊन विरुपाक्षाच्या पाठीवर थाप मारत होता. तो लहान मुलासारखा रडला आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही. छत्तीस वर्षांत इतका हलका तो कधी झाला नव्हता.

घरी आल्यावर त्याने शर्ट काढून नागूबाईच्या हातात दिला. तिने तो उलटवला आणि थबकली.

"अवो, पाठीवर ह्ये कुणी लिवलंय?"

पांढऱ्या खडूने, यार्डात मामा लिहायचा त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: फिट.

विरुपाक्षाने शर्ट दिव्याखाली धरला. खाली परत यायची तारीखही होती. इतक्या हातांच्या थापा पडल्या होत्या, की दिवस आणि महिना पुसून गेले होते. वर्ष तेवढं स्वच्छ दिसत होतं. चालू वर्षच होतं.

नागूबाईने शर्ट भिजत घालायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," तो हसून म्हणाला. "पुसायचं न्हाय."