मामांनी मोजलेली पाती

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. चौदा मे, दुपारचे पावणेतीन, नांदेडजवळ विष्णुपुरीतलं आमचं घर. मी जागी होते, डोकं ठिकाणावर होतं, आणि जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं.

मी धम्मप्रिया. एका मालवाहू विमान कंपनीसाठी घरूनच इंजिनांची कागदपत्रं तपासते. त्या दिवशी चारच्या आत मला सांगायचं होतं, दोन वापरलेल्या इंजिनांपैकी कोणतं घ्यायचं. पहिलं इंधन कमी पिणारं, लगेच मिळणारं. दुसरं जड, खादाड, वर महिनाभर थांबायला लावणारं. स्थळं बघायला बसल्यासारखी मी गुण जुळवत होते.

आणि त्याच विमानांवर माझा धाकटा भाऊ सुगत पायलट आहे.

"पहिलंच घ्यावं," मी लिहिलं.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला. आई कंधारला गेलेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, बाकी घरात कसलाच आवाज नाही...

टण...

स्वयंपाकघरातून.

टण... टण...

माठावर कुणीतरी बोटाचं पेर मारत होतं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कारण ती सवय मी ओळखत होते.

पंढरीमामा. जळकोटचे. तीस वर्षं विमानांचे मेकॅनिक. बाजारात माठ घेताना वाजवून बघतात ना, तसं ते इंजिनाच्या पंख्याचं एकेक पातं वाजवून बघायचे. हे कुठल्या पुस्तकात नाही. साहेब लोक हसायचे. मामा म्हणायचे, "कागद खोटं बोलंल पोरी, आवाज न्हाई बोलत. फकस्त मोजताना मला हाक मारू नको. हात थांबला की ते इंजिन म्या फिरून धरत न्हाई."

मामा मागच्या नोव्हेंबरात वारले.

मी मोजू लागले. चौदा... पंधरा... सोळा...

बद्द.

सतरावा टोला फुटक्या माठासारखा आला. पुढचे पुन्हा टणटणीत. चोविसाव्यानंतर सगळं शांत झालं.

पहिल्या इंजिनाच्या पंख्याला पाती चोवीसच.

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. माठ सकाळीच काठोकाठ भरलेला. भरलेला माठ असा वाजतच नाही. आतलं पाणी हलतसुद्धा नव्हतं.

परत आले. लिहिलेली ओळ पुसली आणि दुसऱ्या इंजिनाची फाईल उघडली. पाती इथेही चोवीस.

टण...

मी श्वास रोखला. आठ... नऊ... दहा... सगळे स्वच्छ. अकरा...

आणि मला राहवलं नाही. भीती होतीच, पण त्याहून जास्त मामांची आठवण दाटून आली होती. मी रडतच ओरडले, "मामा, तुमीच हाव का ओ?"

टोले थांबले.

चार वाजेपर्यंत बसून राहिले... पुन्हा काहीच वाजलं नाही.

पहिल्या इंजिनाचं सतरावं पातं परत तपासा, असं मी कंपनीला कळवलं. कागदावर ते ठीक होतं. तपासलं तर मुळाशी केसाएवढी चीर निघाली. कसं कळलं, म्हणून साहेबांनी विचारलं. अंदाज, म्हटलं. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि दुसरं इंजिन घेतलं.

त्याची सगळी पाती मी हट्टाने दोनदा तपासायला लावली. सगळी ठीक आहेत, असा कागद आला.

पहिल्याचाही तसाच आला होता.

आता ते इंजिन सुगतच्या विमानावर आहे. काल त्याचा फोन आला. "ताई, इंजिन लई गोड चालून राहिलंय. तू कामून घाबरून राहिलीस?"

काय सांगू त्याला? माझ्या एका हाकेने काय झालं, ते कसं सांगू?

आई म्हणते, पावसाळा लागला, माठ उचल आता. मी हात लावू देत नाही. सुगत ड्युटीवर असला की दुपारी कूलर बंद करते आणि माठाजवळ जाऊन बसते. तोंडावर ओढणी धरून... चुकूनही हाक जायला नको म्हणून.

मामांनी अकरा पाती मोजली होती. उरलेली तेरा अजून कुणी वाजवलेली नाहीत.