मुरुंग्याचा पाहुणा खडक

मुरुंगा डोंगरावरच्या नभरज्जू केंद्राच्या नियंत्रण कक्षात बूट काढून यायचा दंडक होता. सकाळी नऊ वाजता डॉ. कालिंदी रेगे आल्या त्या घोट्यापर्यंत चिखल घेऊन, आणि मुख्य अभियंता टिपणीस यांच्या चकचकीत टेबलावर त्यांनी निळ्या मातीचा एक गोळा ठेवला.

"रेगेबाई, हे काय?"

"तुमचा मूळखडक जिच्यावर बसलाय ना, ती माती."

टिपणीस हसले. हसण्यासारखंच होतं. मूळखडक म्हणजे डोंगराचं हाड. त्याच्याखाली माती असायची म्हणजे माणसाच्या सांगाड्याखाली सदरा सापडायचा. आणि या खडकाला साधीसुधी नाही, नभरज्जू बांधलेली होती. विषुववृत्तावरून निघून सरळ आभाळात लाखभर किलोमीटर गेलेली दोरी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, दोरीचं वरचं टोक गोफणीतल्या दगडासारखं बाहेर धाव घेतं, म्हणून दोरी ताठ राहते आणि खालच्या टोकाला हजार टनांनी वर ओढते. त्या दोरीवरून काल रात्री नऊला पहिला प्रवासी पाळणा निघाला होता. आत अकरा माणसं. त्यांतले एक कालिंदीबाईंचे यजमान दिगंबरराव, जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेले. पृथ्वी गोल असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतो म्हणून गेले होते. पाळणा आता चोवीसशे किलोमीटरवर होता.

"तुम्हाला इथं बोलावलं जंगलाच्या मातीची नोंद करायला," टिपणीस म्हणाले. "खडक आमच्याकडे. चौदा भोकं पाडलीत. प्रत्येकात सहा मीटर अखंड खडक."

"चौदाव्यात सहा मीटर आणि वर एक वीत. शेवटच्या विती­त हा गोळा होता. तुमच्या लोकांनी यंत्राचा गाळ समजून धुऊन टाकला. नमुन्यांच्या पेटीच्या कोपऱ्यात राहिला तेवढा मी आणलाय. फोडा."

टिपणीसांनी नखानं फोडला. आत वाटाण्याएवढे, लिंबाएवढे, मोहरीएवढे खडे, सगळे एकात एक.

"नदी दगड निवडते. मोठे वर, बारीक खाली समुद्राकडे. वारा तर नुसती धूळ नेतो. सगळं सरमिसळ आणून टाकणारा एकच, बर्फ. या डोंगरावर एके काळी हिमनदी होती. तिनं आणलेला हा हिमोढ. वरून दाबून दाबून विटेसारखा घट्ट केलेला. जंगलात कुठंही खड्डा खणा. टाचेखाली पाचोळा, मग राखाडी थर, मग तांबूस, आणि कंबरेइतकं खाली गेलात की हा. मुळंसुद्धा याच्यात शिरत नाहीत, आडवी पसरतात. तोच हिमोढ खडकाच्या चारी अंगांना आहे आणि खालीही आहे. आता तुम्ही मला सांगा, चारी बाजूंनी आणि खालून माती असलेल्या खडकाला काय म्हणतात?"

टिपणीसांनी नखातली निळी माती रुमालाला पुसली.

"धोंडा म्हणतात, साहेब. बर्फाच्या पाठीवर बसून आलेला धोंडा. पहाटे मी हातोडा मारून त्याचा ध्वनिलेख घेतला. मध्यावर सात मीटर जाड. वजन नऊशे चाळीस टन."

"आणि ओढ हजार टन," टिपणीस सावकाश म्हणाले. मग चेहरा उजळला. "पण मग तो कधीच उपटला असता! तीन महिने दोरी बांधलीय."

"तीन महिने पाळणा खालीच होता ना? एकशेवीस टनांचा. तो दोरीला लोंबतो, तेवढी ओढ कमी होते. आठशेऐंशी. धोंडा निवांत. पण पाळणा जसा वर जाईल तसं पृथ्वीचं त्याच्यावरचं ओझं घटणार, आणि ओढ वाढणार. चाचण्यांतही तो हजार किलोमीटरच्या वर तुम्ही नेलेला नाहीत. सव्वीसशे चाळीसवर तो निम्म्या वजनाचा होईल. साठ टन. हजारातून साठ गेले, राहिले किती?"

ही वजाबाकी टिपणीसांनाच काय, कुणालाही जमली असती.

"चिखलाची पकड हिशेबात धरली नाहीत तुम्ही," टिपणीस म्हणाले.

"धरली असती. पण तुमचं चौदावं भोक आरपार गेलं. एरवी पावसाचं पाणी हिमोढात शिरत नाही, वरूनच वाहून जातं. तुम्ही त्याला तीन महिने नळ लावून दिलात. खाली साबणासारखं झालंय सगळं."

पुढचा सव्वा तास हुज्जतीत गेला. टिपणीसांनी मुख्यालयाला विचारलं. मुख्यालयानं समिती नेमायची तयारी दाखवली. खडकावरचा सरकमापक दोन मिलिमीटर दाखवत होता, ते टिपणीसांच्या मते उन्हानं होतं. कालिंदीबाई खुर्चीच्या कडेवर बसून पडद्यावरचा आकडा बघत होत्या. पंचवीसशे. पंचवीसशे साठ. सव्वीसशे. एकदा दिगंबररावांचा आवाज आला, "कालिंदी, गोल आहे बरं का!"

सव्वीसशे पस्तीसला सरकमापक दोनावरून सातावर गेला.

ऊन तेवढंच होतं. टिपणीस उठले ते खुर्ची पाडूनच. "कप्तान मुजावर! थांबा. पाळणा उलटा घ्या, खाली या."

"थांबतोय. पण साहेब, काय झालंय?"

"खडक हलतोय."

आणि इथं घात झाला. शहाण्या माणसांनी प्रत्येक संकटासाठी नियम लिहून ठेवलेले होते, आणि ते सगळे खरोखरच्या मूळखडकासाठी होते. पहिला नियम कप्तानासाठी: धोका दिसताच सामान फेका, पाळणा हलका करा, वेगानं उतरा. दुसरा खडकावरच्या छेदकासाठी: खडक दहा सेंटिमीटर हलला की दोरी आपोआप कापायची, म्हणजे केंद्र वाचेल. दोरीसकट पाळणा अंतराळात भिरकावला जाईल, हे नियमाच्या तळटीपेत होतं.

"पहिली पेटी सोडली," मुजावरांचा आवाज आला. "एक टन. दुसरी सोडतोय."

"सोडू नका!" कालिंदीबाई ओरडल्या. "तांब्याभर पाणीसुद्धा बाहेर टाकू नका! तुमचं वजन हीच आमची खुंटी आहे!"

कप्तान घोटाळला. पण पेटी गेली ती गेली. तिथल्या हिशेबानं अर्धा टन. सरकमापक अठरावर गेला, मग एकतीसवर.

"छेदक," टिपणीस म्हणाले. "दोन्ही किल्ल्या काढल्या तरच तो बंद होतो. आणि त्या खडकावर आहेत, इथून निघत नाहीत." आणि पासष्टीला टेकलेला तो माणूस दार ढकलून धावला.

खडक शंभर पावलांवर होता. कालिंदीबाई पोचल्या तेव्हा टिपणीस त्याच्यावर चढून किल्लीशी झटत होते, आणि खडकाच्या कडेनं चिखल चुळचुळ करत वर येत होता. हलवलेला दात हिरडीतून निघताना करतो तसला ओला आवाज. खडक वर येताना दिसत होता. चार बोटं. पाच.

"निघाली एक! दुसरी अडकलीय!"

कालिंदीबाईंनी आकडेमोड केली. अर्धा टन. फक्त अर्धा टन कमी पडतोय. पाळणा अडतीस किलोमीटर खाली आला की तो भरून निघेल, म्हणजे साडेअकरा मिनिटं. तोवर अर्धा टन आणायचा कुठून? ट्रक पायथ्याशी गेलेले. मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं. एकोणसाठ किलो.

"ओटिएनो!" स्वयंपाकघराच्या दारात आचारी उभा होता, बेताचा एकशेदहा किलोंचा. "सगळ्यांना घेऊन ये! खडकावर चढा!"

"उतरायचं की चढायचं, ममा?"

"चढ!"

ओटिएनो चढला. तीन पहारेकरी चढले, कारकून, डॉक्टर, भांडी घासणारी बाई हातातल्या पातेल्यासकट. कालिंदीबाईंना वर ओढून घ्यावं लागलं. नऊ माणसं आभाळाला बांधलेल्या धोंड्यावर एकमेकांना धरून उभी राहिली. सरकमापक ब्याण्णववर होता. त्र्याण्णव. त्र्याण्णव.

त्र्याण्णव.

"कुणी उडी मारू नका," कालिंदीबाई कुजबुजल्या. "शिंकूही नका."

"बाई, मला लागलीय," कारकून म्हणाला.

"इथंच करा. पण जवळ करा, वजन बाहेर जायला नको."

टिपणीसांनी दुसरी किल्ली काढली तेव्हा त्यांच्या नखांतून रक्त येत होतं. साडेअकरा मिनिटं त्यांच्यातलं कुणी हललं नाही. मग चिखलाचा आवाज बदलला. चुळचुळ थांबून खालून एक लांब सुस्कारा आला, आणि खडक आपल्या जागी एक केसभर खाली बसला. मग आणखी एक केस.

रात्री साडेअकराला पाळणा टेकला. दिगंबरराव उतरले ते कुरकुरतच. "निम्म्यातून परत आणलं. पैसे भरून घेतलेत ना?" बाईंनी त्यांचा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही, तेव्हा कुठं त्यांनी विचारलं, "झालं तरी काय?"

आठ दिवसांनी टिपणीसांनी बाईंना बोलावलं. पाळणा खालीच जखडून ठेवला होता. धोंड्याच्या शेजारी त्यांनी चौकोनी खड्डा उतरवला होता, सगळा हिमोढ भेदून चौदा मीटर. तळाला काळाभोर खडक उघडा पडला होता, अंगणाएवढा सपाट.

"या वेळी वीस मीटर भोक पाडलं," ते म्हणाले. आवाजात आता अदब होती. "अखंड. खाली माती नाही. उद्यापासून दोरी याला बांधतो. फक्त तुमची सही हवी. आणि हो, रेगेसाहेब आणि बाकीचे दहाजण, सगळ्यांना परवाच्या फेरीचं मानाचं आमंत्रण आहे."

बाईंबरोबर आलेल्या दिगंबररावांनी खिशावर लावलेला प्रवाशाचा बिल्ला त्यांना दाखवला. ते तयारच होते.

कालिंदीबाई शिडीनं खाली गेल्या. पाणी मागवलं, कुंचला मागवला आणि गुडघ्यांवर बसून खडक धुऊ लागल्या. वरून दोघं वाकून बघत होते.

"काय शोधताय, बाई?"

"ओरखडे. बर्फ दगडगोटे पोटाशी धरून खडकावरून सरकतं ना, तेव्हा ओरखडे काढतं. खडक जागचा असेल आणि बर्फ एकाच वाटेनं गेलं असेल, तर सगळे ओरखडे एका दिशेला. विंचरलेल्या केसांसारखे."

"मग? आहेत?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

टिपणीसांनी श्वास सोडला. बाई अजून धूत होत्या. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या, तिथून तिसऱ्या. त्यांच्या कुंचल्याखाली एक रेघ उगवतीकडून मावळतीकडे निघत होती, तिला छेदून दुसरी उत्तरेकडे, तिसरी तिरपी, चौथी चक्क गोल फिरून आलेली. लोळत, उलटापालटा होत, कित्येक कोस वाहून आणलेल्या दगडालाच असे ओरखडे पडतात.

त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि वर पाहिलं.

"टिपणीस, तुमचं भोक वीस मीटरचं होतं ना?"

"हो."

"हा धोंडा त्याहून मोठा आहे, एवढंच त्यावरून कळतं."

 मग दिगंबररावांनी खिशावरचा बिल्ला हळूच काढला आणि टिपणीसांच्या हातात दिला.