चार सेकंदांचा वारा

सांगतो, पण मध्येच हसू नका. त्या टेकडीपायी माझं डोकं आधीच पुरेसं उठलं आहे.

पवनचक्क्या उभारण्याआधी वर्षभर जागेवरचा वारा मोजतात. टेकडीवर उंच खांब, त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, आणि आकडे थेट ऑफिसात. आमचा बाण वेड्यासारखा वागत होता. चार सेकंद खालच्या ओसाड घराकडे तोंड, चार सेकंद पाठ, रात्रंदिवस. असा वारा कुठेच वाहत नाही. बाण तीनदा बदलून झाला. शेवटी मोठ्या साहेबांनी निकालच लावला: बसवणाऱ्याची चूक, सिद्ध झाली की त्याला काढा. सिद्ध करायला अर्थात मी!

बसवणारा म्हणजे आमची खारूताई. चांगला मिशीवाला बाप्या, पण खांबावर सरसर चढायचा म्हणून हे नाव. घरी तान्ही मुलगी.

"साहेब, आईशप्पथ, बरोबर बसवलाय."

"शपथा पुरे. पाना दे इकडे."

भर दुपारी सगळं तपासलं. एक नट ढिला नाही. बाण मात्र फिरतच होता, आणि खालचं गवतही त्याच तालावर वाकत होतं. घराकडे. मग आमच्याकडे. आमच्याकडे आलं की उबट वास यायचा, झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा.

"साहेब... ते घर..."

"दार सताड उघडं आहे, वारा आत शिरतो आणि बाहेर येतो. जा, लावून ये. एवढंही मीच सांगायचं?"

"तुम्ही पण चला ना..."

"मी आकडे बघू की तुझं बोट धरू?"

तो गेला. दार लागल्याचा आवाज आला आणि बाण जागच्या जागी थांबला. गवत सरळ झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बाणात दोष नाही, माणसाचीही चूक नाही, असं मी तिथूनच साहेबांना कळवून टाकलं.

दहा मिनिटं झाली तरी स्वारी परतेना. चरफडत उतरलो. तो दोन्ही तळवे दारावर रेटून उभा होता.

"सोड की आता!"

"साहेब... घरानं रोखून धरलाय..."

"काय?"

"श्वास... हळू बोला..."

माझा संयम संपला. दंडाला धरून मी त्याला खेचलं. दार वीतभर किलकिलं झालं. त्याचा चेहरा नेमका त्या फटीसमोर होता. एकच लांब झोत आत गेला, माझी टोपीसुद्धा घेऊन गेला. मग सगळं शांत.

"चल," म्हटलं. तो निमूट आला, गाडीत बसला, पट्टा लावला.

उतारावर थंडी वाढली. काचा बंद करून तासभर मी एकटाच बडबडत होतो. नोकरी वाचली तुझी, घरी फोन तरी कर.

"अरे, तोंड शिवलंय का तुझं?"

समोरची काच वाफेनं धूसर झाली होती, म्हणून पुसायला फडकं उचललं आणि हात तिथेच राहिला. वाफ फक्त माझ्या बाजूला होती. उरलेला सगळा रस्ता मी त्याच्या बाजूच्या स्वच्छ काचेतून बघत गाडी चालवली.