काठीची ओ

सई, दार लोटून घे. अभिराम, मोबाइल ठेव खाली, नाहीतर जा झोपायला. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या सोसायटीच्या गेटवर भैरू वॉचमन होता ना, त्याच्यावर बेतलेलं सांगतोय.

गेल्या डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. भैरूने नुकतीच बेलापूरच्या किल्ल्यावर ड्युटी धरली होती. संध्याकाळी तो टॉर्चचे सेल आणायला खाली दुकानात गेला, तिथेच सुपरवायझरने त्याला गाठलं.

"नव्या दिव्यांची वायर परत चोरीला गेली. आता गेली तर तू घरी बसशील."

भैरूच्या डोक्यात एकच नाव आलं, अश्विन. वर बुरुजावर रात्रपाळीला तोच असायचा. घणसोलीत बायकापोरांसकट भाड्याने राहणाऱ्या माणसाची नोकरी दुसऱ्याच्या चोरीपायी जाणार म्हटल्यावर संशय येणारच हो!

दोघांची एक पद्धत होती. जागे आहोत हे कळावं म्हणून एकाने दगडावर काठी आपटायची, ठक ठक. दुसऱ्याने तशीच ओ द्यायची. त्या रात्रीही भैरूने किल्ल्याच्या गेटवरून काठी आपटली. वरून ओ आली. साडेबारापर्यंत सगळं रोजच्यासारखं.

मग भैरूने ठरवलं, आता गप्प बसायचं. आपण झोपलो असं वाटलं की हा वायरला हात घालेल, की धरलाच रंगेहाथ. त्याने दिवा मालवला.

वरून काठी वाजली. ठक ठक.

भैरू गप्प.

पुन्हा वाजली. जरा जोरात.

गप्पच.

तिसऱ्यांदा वाजली ती पायऱ्यांवर.

"आला बेटा," म्हणत भैरूने अश्विनला फोन लावला. पायऱ्यांवर रिंग वाजली की सापडला. पण वाजलं काहीच नाही. फोन मात्र उचलला गेला.

"काय रे? रूमवर हाय मी. ताप आलाय, सायबाला सांगितलं व्हतं की."

"मंग वर कोन हाय?"



पोरांनो, तो सरहद्दीवरचा किल्ला. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळ्यांनी एकमेकांकडून हिसकावलेला. अशा जागी पहारेकऱ्याला अंधारात माणूस ओळखायचा कसा? ओ आली, तर आपला. नाही आली, तर...

पावलं उतरत होती.

एकाची नव्हती.

भैरूने काठी आपटायला हात उचलला. काठी हातातून सुटली.

पावलं पाठीमागे थांबली.

"आपलाच हाय! आपलाच..."

...

सकाळी तो गेटपाशी बेशुद्ध सापडला. वायर जागच्या जागी होती. नोकरीही शाबूत होती. तरी परत गेला नाही तो.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने त्याचा युनिफॉर्मचा शर्ट दाखवला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ सरळ चिरलेली. भैरूच्या अंगावर ओरखडा नाही.

आणि त्या रात्री शर्टावर घातलेल्या स्वेटरचा एक धागाही उसवलेला नव्हता.